नख की बोट? गिटारच्या उजव्या हाताचा साडेचारशे वर्षांचा वाद

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



सुरुवात शाळेपासून करतो. आमच्या शाळेत सोमवारी प्रार्थना झाली की नखं तपासायचे. हात पुढे धरायचे, बाई रांगेतून फिरायच्या, आणि वाढलेलं नख दिसलं की बोटांवर पट्टी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पट्टी खाल्ली असेल. आता गंमत बघा. मी पुढे गिटार शिकायला लागलो, आणि पहिल्याच महिन्यात मला सांगण्यात आलं की डाव्या हाताची नखं अगदी मुळाशी कापायची आणि उजव्या हाताची वाढवायची. म्हणजे एकाच माणसाचा डावा हात पास आणि उजवा नापास! आजही लग्नाच्या पंगतीत कुणीतरी माझ्या हाताकडे बघतं आणि हळूच विचारतं, "नखं कापायला विसरलात का?"

तर आजचा विषय हा उजवा हात. बोटांनी गिटार वाजवणाऱ्याने नखं ठेवावीत की नाही, ठेवली तर किती, कोणत्या आकाराची, आणि हे ठरवायचं कुणी? विषय नखाएवढा वाटेल. पण या प्रश्नावर सोळाव्या शतकापासून लोक भांडत आलेत, आणि त्या भांडणातून वाद्य, तारा, सभागृहं, माणसं यांचा मोठा इतिहास दिसतो. शेवटी मी अशा एका मुद्द्यावर येणार आहे जो शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी दोघांनीही मनावर घ्यावा असं मला वाटतं.

आधी मुळातला प्रश्न नीट समजून घेऊ. तुम्ही तंबोरा ऐकलाय. तंबोऱ्याची तार बोटाच्या मऊ भागाने छेडतात. आवाज कसा येतो? गोल, भरलेला, कुठून सुरू झाला ते कळू नये असा. आता सतार आठवा. सतारीला तर्जनीत मिजराब घालतात, लोखंडी तारेची. आवाज टोकदार, प्रत्येक बोल वेगळा. सरोदियाच्या हातात नारळाच्या करवंटीचा जवा असतो. म्हणजे छेडायचं साधन बदललं की नादाचा चेहरा बदलतो, हे आपल्या कानांना चांगलं ठाऊक आहे.

असं का होतं? तार ओढून सोडताना तिच्यात एक कोन तयार होतो. छेडणारी वस्तू अरुंद आणि कडक असेल तर तो कोन तीक्ष्ण होतो, आणि मूळ स्वराबरोबर वरचे सूक्ष्म स्वर, ज्यांना आपण स्वयंभू स्वर म्हणतो, ते जोरात उमटतात. आवाज चमकदार होतो, लांब जातो. बोटाचा गर रुंद आणि मऊ. तो कोन बोथट करतो, वरचे स्वर दबतात, आवाज गोड आणि जाड होतो. बस, एवढंच शास्त्र आहे. गिटारवाल्याची पंचाईत अशी की त्याच्या बोटाच्या टोकाला दोन्ही साधनं शेजारी शेजारी आहेत. खाली गर, वर नख. कुणाला किती काम द्यायचं, इथून वाद सुरू होतो.

चला, मागे जाऊ. १५५४ साली स्पेनमधल्या सेविया शहरात मिगेल दे फुएनयाना या वादकाचं पुस्तक छापलं गेलं. फुएनयाना अंध होता, आणि वाजवायचा विहुएला, म्हणजे गिटारची त्या काळातली मोठ्या घरची बहीण म्हणा. त्याने नखाविरुद्ध स्पष्ट मत दिलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की नख ही निर्जीव वस्तू आहे, आणि मनातला भाव तारेपर्यंत पोचवायचा तर मध्ये जिवंत बोटच हवं. दृष्टी नसलेल्या माणसाने स्पर्शाबद्दल असं लिहावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढे १६२३. इटलीतल्या बोलोन्यामध्ये अलेस्सांद्रो पिच्चिनीनी हा ल्यूटवादक आपल्या रचनांचं पुस्तक छापतो आणि प्रस्तावनेत नेमकं उलट सांगतो. नखं ठेवा. पण कशी? बोटाच्या गरापेक्षा थोडीशीच पुढे आलेली, लंबगोल. तार आधी गराने दाबायची आणि मग नखाने सोडायची. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा भेटणार आहे. आज कुठल्याही चांगल्या गिटार वर्गात जवळजवळ हेच शिकवतात.

१६७६ मध्ये लंडनला थॉमस मेस याचं जाडजूड पुस्तक आलं. मेस ल्यूटचा भक्त. तो म्हणतो, चार वाद्यांच्या मेळात नख चालून जाईल, कारण तिथे ल्यूटचा गोडवा तसाही गर्दीत हरवतो; पण एकट्याने वाजवताना मला नखापेक्षा बोटच समाधान देतं. पुढे १७२३ साली सिल्वियस लिओपोल्ड वाइस, म्हणजे बाखच्या काळातला सर्वांत नावाजलेला ल्यूटवादक, एका पत्रात थिऑर्बोबद्दल असंच काही लिहितो. थिऑर्बो म्हणजे लांब मानेचा, साथीला वापरला जाणारा ल्यूट. तो नखांनी वाजवतात, आणि जवळून ऐकला तर तो आवाज कर्कश लागतो, असं त्याचं म्हणणं.

इथे क्षणभर थांबू. मेस आणि वाइस काय सांगतायत? "नख वाईट" एवढंच नाही. ते सांगतायत की तुम्ही कुठे बसलाय आणि ऐकणारा किती लांब आहे, यावर ते ठरतं. खोलीत चार माणसं असतील तर बोट. मेळात, गर्दीत, लांबवर पोचायचं असेल तर नख. हा धागा मी शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे.

मध्येच एक हकीकत सांगतो. फ्रान्चेस्को कोर्बेत्ता हा सतराव्या शतकातला प्रसिद्ध गिटारवादक, राजेरजवाड्यांना शिकवणारा. एका जर्मन प्रवाशाने लिहून ठेवलंय की ट्यूरिनच्या समारंभात कोर्बेत्ताला वाजवता आलं नाही, कारण त्याचं नख तुटलं. आणि वर पुस्ती जोडलीय, म्हाताऱ्या माणसांची नखं पुन्हा यायला फार वेळ लागतो! साडेतीनशे वर्षं झाली, गिटारवाल्यांची सबब बदललेली नाही.

आता मुख्य अंकाकडे येऊ. स्थळ पॅरिस, काळ १८२६ नंतरचा. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गिटार बदललेली आहे. पूर्वी जोडतारा असायच्या, एकाच स्वराच्या दोन दोन तारा शेजारी. त्या गेल्या आणि सहा एकेरी तारा आल्या. जोडतारांवर नखाचं काम अवघड, कारण नख दोन्ही तारांना सारखं लागायला हवं. एकेरी तारेवर ती अडचण नाही. तारा मात्र अजून आतड्याच्या, म्हणजे आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते ना, तसली तात. सारंगीला आजही तात असते. खर्जाच्या तारा रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळून केलेल्या.

या पॅरिसमध्ये दोन स्पॅनिश माणसं एकाच इमारतीत राहायला आली. एक फर्नांदो सोर, बार्सिलोनाचा, जन्म १७७८. दुसरा दिओनिसिओ आग्वादो, माद्रिदचा, जन्म १७८४. दोघेही त्या काळातले अव्वल गिटारवादक, दोघेही गुरू, दोघांनीही शिकवण्याची पुस्तकं लिहिली. सोर नखांशिवाय वाजवायचा, आग्वादो नखांनी.

सोरचं पुस्तक १८३० साली आलं. त्यात तो नखांबद्दल काहीही आडपडदा ठेवत नाही. नखांनी वाजवणारा एकही वादक मला सहन झालेला नाही, असं तो लिहितो. नखाने हळू वाजवलं तर ते गात नाही, जोरात वाजवलं तर भरत नाही. त्याने तुलना केलीय ती हार्पसिकॉर्ड आणि पियानोची. हार्पसिकॉर्डमध्ये तार पिसाच्या टोकाने छेडली जाते, लहानमोठा आवाज काढता येत नाही. पियानोत हातोडीने तो काढता येतो. सोर म्हणतो, नखवाले हार्पसिकॉर्ड, मी पियानो.

आता प्रश्न आला, शेजारी राहणाऱ्या मित्राचं काय करायचं? सोरने त्याला अपवाद ठरवलं. आग्वादोच्या वादनात इतके गुण आहेत की त्यापुढे नखं माफ, असा त्याचा सूर. वर हेही म्हणतो की आग्वादोची सवय आता इतकी जुनी झालीय की ती मोडण्याचं वय उलटून गेलं.

आग्वादो काय म्हणतो? त्याचं नंतरचं मोठं पुस्तक १८४३ चं आहे. तोवर सोर जाऊन चार वर्षं झाली होती. या पुस्तकात आग्वादो नखांच्या बाजूने ठाम उभा आहे. गिटारचा आवाज दुसऱ्या कुठल्याही वाद्यासारखा नाही, आणि ते वेगळेपण नखांमुळे खुलतं, हा त्याचा मुद्दा. पण तो नख कसं असावं तेही सांगतो: फार कडक नको, लंबगोल हवं, बोटाच्या पुढे थोडंच यावं, आणि तार आधी गराला लागून मग नखावरून सुटावी. आठवतंय ना पिच्चिनीनी?

आणि त्याच पुस्तकात एक छोटी कबुली आहे. आग्वादो लिहितो की पूर्वी मी अंगठ्यालाही नख ठेवायचो; पण माझा मित्र सोर याला ऐकल्यावर अंगठ्याचं नख काढून टाकलं, आणि त्याचं मला समाधान आहे.

मंडळी, या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही आहे. दोन माणसं, मत एकदम विरुद्ध, दोघेही छापील पुस्तकात ते मांडतायत. तरी एकाने दुसऱ्यासाठी आपल्या नियमाला अपवाद केला, आणि दुसऱ्याने पहिल्यासाठी आपलं एक नख कापलं. सोरने दोन गिटारसाठी एक रचना केली, ओपस ४१. ती या जोडीने वाजवण्यासाठी होती. नाव काय ठेवलं? 'दोन मित्र'. एका गिटारवर नख, दुसरीवर बोट, आणि नावात मैत्री.

पुढचा अंक आपण फ्रान्सिस्को तार्रेगाचा घेऊ, जन्म १८५२. आजची शास्त्रीय गिटार जिथून सुरू होते असं मानतात, तो हा माणूस. त्याच्याकडे आंतोनियो दे तोर्रेस या कारागिराची गिटार होती. तोर्रेसने गिटारचा देह मोठा केला, वरची फळी पातळ आणि हलकी केली, आणि वाद्याचा आवाज वाढवला. तार्रेगा नखांनी वाजवायचा. 'अल्हाम्ब्राच्या आठवणी' ही त्याची रचना तुम्ही नक्की ऐकली असेल, एकच स्वर झऱ्यासारखा थरथरत राहतो ती. ती १८९९ ची आहे. त्यानंतर, साधारण १९०२ च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, तार्रेगाने नखं कापली आणि नुसत्या बोटांनी वाजवायला लागला.

विचार करा. तीसचाळीस वर्षांची हाताची सवय, तयार झालेला नाद, झालेलं नाव, आणि माणूस पन्नाशीत म्हणतो, पुन्हा शिकतो. त्याचे शिष्य यावर दुभंगले. मिगेल ल्योबेत हा आधीचा शिष्य, तो नखांवरच राहिला. एमिलिओ पुजोल हा नंतरचा, त्याने गुरूचा हा शेवटचा शोध आपला मानला. १९०९ साली तार्रेगा गेला. पुजोल १९८० पर्यंत जगला आणि सबंध आयुष्य नखांशिवाय वाजवत राहिला. 'गिटारच्या नादाची द्विधा' अशा अर्थाचा निबंधही त्याने लिहिला. त्यात दोन्ही बाजूंचे गुणदोष मांडले, आणि मग बोटाच्या बाजूने कौल दिला.

एकच गुरू, दोन घराणी! आपल्याकडे हे काही नवीन नाही. गुरू शेवटी काय गात होते ते खरं, की आमच्या तरुणपणी काय गात होते ते खरं, यावर आपल्याकडेही रात्री जागवल्या गेल्यात.

मग वाद मिटला कसा? खरं तर युक्तिवादाने मिटलाच नाही, परिस्थितीने मिटवला. आंद्रेस सेगोव्हिया, जन्म १८९३. त्याने गिटार दिवाणखान्यातून उचलली आणि मोठ्या सभागृहात नेली. १९२४ साली पॅरिस, १९२८ साली न्यूयॉर्क. ध्वनिवर्धक नाही, एकटा माणूस, एक गिटार, आणि शेवटच्या रांगेत बसलेला श्रोता. तिथे नख हवंच. सेगोव्हियाने नख आणि गर दोन्हींचा मेळ घातला, आणि त्या मेळात कमीजास्त करून नादाचे इतके रंग काढले की पुढच्या दोन पिढ्यांना तोच गिटारचा खरा आवाज वाटला.

दुसरं कारण तारेचं. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या धाग्याचा तुटवडा झाला, कारण शस्त्रक्रियेत टाके घालायला तोच धागा लागायचा. न्यूयॉर्कमधला वाद्य कारागीर आल्बर्ट ऑगस्टिन याने नायलॉनच्या तारा करून बघितल्या. सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्या बाजारात आल्या. आता फरक बघा. तात थोडी खरखरीत असते, नखाने तिचे तंतू निघतात, आणि उघड्या बोटानेही ती बऱ्यापैकी उजळ बोलते. नायलॉन गुळगुळीत असतं. नखाला ते मानवतं, पण नुसत्या बोटाने आवाज जरा मंद वाटतो. म्हणजे सोर ज्या तारेवर बोटाचा पुरस्कार करत होता, ती तारच राहिली नाही.

त्यामुळे आज आपण म्हणतो की "शास्त्रीय गिटार नखांनीच वाजवायची", तेव्हा तो काही अनादि नियम नसतो. तो मोठं सभागृह, नायलॉन, आणि सेगोव्हियाचा प्रभाव या तिघांनी मिळून केलेला निकाल आहे. आणि यातला विनोद सांगतो. १९४५ साली सेगोव्हियाने सोरचे वीस अभ्यासपाठ निवडून संपादित केले. जगभरचे विद्यार्थी आजही ते शिकतात, बहुतेक नखांनी. म्हणजे नखांचा ज्याला तिटकारा, त्याचे पाठ नखवाल्या उस्तादाने घरोघर पोचवले.

आता थोडं हाताचं काम बोलू, कारण तुमच्यातले काही जण वाजवणारे आहेत आणि निव्वळ इतिहासावर तुम्ही मला सोडणार नाही.

हाताची नखं महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतात. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नख यायला साधारण सहा महिने लागतात. त्यामुळे दोन मिलिमीटरचा तुकडा गेला तर तीन आठवडे गेले, हा हिशोब. कोर्बेत्ताचा समारंभ का चुकला, कळलं ना?

लांबी किती? तळहात डोळ्यांसमोर धरा, बोटाचं टोक नजरेच्या रेषेत ठेवा. गराच्या वर नखाची एक ते दोन मिलिमीटरची कड दिसली तर पुरे. आकार बोटाच्या टोकाच्या गोलाईला धरून. पण एक बारकावा आहे. तार नखावर एका बाजूने येते आणि घसरत जाऊन सुटते. बहुतेकांच्या बाबतीत ती अंगठ्याकडच्या बाजूने येते. त्या वाटेवर कोपरा, खाच, खडबडीतपणा काही नको. घसरगुंडी कशी असते, वर चढायला अडथळा नाही आणि खाली धक्का नाही, तशी ती कड हवी. काही वादक उलट बाजू वापरतात. इदा प्रेस्ती ही विसाव्या शतकातली थोर फ्रेंच वादक नखाच्या दुसऱ्या बाजूने वाजवायची, आणि तिचा आवाज ऐकून कुणी तिला चूक म्हणू धजणार नाही.

नेलकटर वापरू नका, त्याने नखाला बारीक चिरा जातात. काचेची नेलफाइल घ्या, नख कोरडं असताना घासा. मग वॉटर पेपर. गाड्या रंगवणाऱ्यांकडे मिळतो तोच, आधी हजार नंबर, मग दोन हजार. पेपरची गुळगुळीत पाठ तारेला लावा आणि खरखरीत बाजू बाहेर ठेवून नख अगदी वाजवताना येतं तसं त्यावरून काढा. तुमच्या बोटाला हवा तो उतार आपोआप मिळतो. शेवटी कड इतकी गुळगुळीत व्हावी की रेशमी कापडावरून फिरवली तर धागा अडकू नये.

भांडी घासल्यावर, पोहून आल्यावर नखं ओलावून मऊ झालेली असतात, तेव्हा ती फाटतात. अशा वेळी लगेच वाजवू नका, घासू नका. रात्री मुळाशी खोबरेल चोळा. आणि तुटलंच तर? टेबलटेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखाला चिकटवणारे वादक मी पाहिलेत. तो जुगाड जगभर चालतो, चेंडूची गोलाई नखाशी बरोबर जुळते. पण कडक गोंद रोज लावून सोलून काढलात तर मूळ नख पातळ होतं, हेही सांगून ठेवतो.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी हे व्याख्यान घ्यायला तयार झालो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ताई आल्या. पंचेचाळिशीच्या. सकाळी सहापासून एका मेसमध्ये पोळ्यांचं काम. कणीक मळायची, लाटायची, भाजायची. नखं अगदी मुळाशी कापलेली, कारण कणकेत नख चालत नाही, आणि चालू नये. त्या आधी एका ठिकाणी शिकायला गेल्या होत्या. तिथे त्यांना सांगण्यात आलं होतं, "आधी नखं वाढवा, मग या." त्या मला म्हणाल्या, "सर, नखं वाढवली तर काम जाईल. मग मी हे शिकूच नये का?"

मी त्यांना चटकन उत्तर देऊ शकलो नाही. कारण खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मीही नवीन विद्यार्थ्याला हेच सांगत होतो. मला तसंच शिकवलं होतं. त्या संध्याकाळी मी सोरचं पुस्तक पुन्हा काढलं, आणि लाज वाटली. ज्याचे पाठ मी रोज शिकवतो, त्याने स्वतः नखं ठेवली नव्हती, आणि मी नखांशिवाय दार उघडत नव्हतो!

नखं ठेवता येणं ही सगळ्यांना मिळणारी सोय नाही. धुणीभांडी, शेती, गॅरेज, स्वयंपाक, दवाखान्यातली ड्यूटी, या सगळ्या हातांना ती परवडत नाही. काहींची नखं जन्मतःच पातळ असतात. वय झालं की ती ठिसूळ होतात. अमेरिकेतल्या लोखंडी तारांच्या गिटारवर तर नख टिकतच नाही, म्हणून तिथल्या वादकांनी वेगळी वाट काढली. केंटकीच्या कोळसा खाणींच्या मुलुखातून आलेला मर्ल ट्रॅव्हिस अंगठ्यात कडं घालून वाजवायचा, आणि ती एक सबंध शैली होऊन बसली. हाताला जे जमत नाही ते साधनाने भागवायचं, हे शहाणपण आपल्याकडे मिजराबीत आहेच की.

त्या ताईंना मी नखांशिवाय शिकवायला लागलो. आधी माझाच हात तयार करावा लागला. बोटाचं टोक तारेत जरा खोल घालायचं, सोडताना घाई करायची नाही, गराला हळूहळू घट्टपणा येऊ द्यायचा. दीड वर्षाने त्यांनी सोरचा बी मायनरमधला अभ्यासपाठ, ओपस ३५ मधला बावीसावा, वर्गात वाजवला. खोली लहान, माणसं दहा. माझी नखं त्या दिवशी अगदी व्यवस्थित घासलेली होती. पण तो पाठ माझ्या हातून तसा गोल कधी वाजलेला नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगतो. सोर जिथे वाजवायचा तशीच ती खोली होती, आणि सोर वाजवायचा तसेच ते हात होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मी नखं सोडलेली नाहीत. मोठ्या सभागृहात मी नखांनीच वाजवतो, आणि तुम्हाला ठेवता येत असतील तर जरूर ठेवा, नीट सांभाळा. पण नख ही गिटार शिकायची अट नाही. ती एका काळाची, एका तारेची, एका सभागृहाची सोय आहे. इतिहास वाचायचा तो यासाठी, की सोय कुठे संपते आणि नियम कुठे सुरू होतो ते आपल्याला कळावं. कोणी दारात आलं तर त्याची नखं तपासू नका. ते काम शाळेतल्या बाईंनी पुरेसं केलेलं आहे.



प्रश्न: नवीन विद्यार्थ्याने सुरुवात नखांनी करावी की बोटाने?

पहिले काही महिने बोटाने. तार कशी लागते, कधी सुटते, हे गराला आधी कळतं. नख हे गराच्या ज्ञानावर चढवायचं. पिच्चिनीनी आणि आग्वादो दोघेही आधी गर, मग नख हाच क्रम सांगतात.

प्रश्न: माझं एक नख सारखं तुटतं. एकाच बोटाला नख नसेल तर आवाज विसंगत वाटतो. काय करावं?

बाकीची नखंही त्याच्या जवळपास आणा. तीन लांब आणि एक तुटकं यापेक्षा चारही अगदी आखूड असलेली बरी. आखूड नख आणि गर यांच्यात फरक कमी राहतो. आणि ज्या बोटाचं नख नेहमी तुटतं, त्या बोटाने घरात काय काय करता ते एक आठवडा बघा. बहुतेक वेळा कुलूप, पिशवीची चेन, नाहीतर डब्याचं झाकण सापडतं.

प्रश्न: त्या ताई अजून वाजवतात का?

वाजवतात. मेसचं काम दुपारी दोनला संपतं, आणि साडेतीनला त्या वर्गात असतात.